झाडूवाल्याचे सिंहासन

माझे वडील एका कचेरीत झाडूकाम करीत. साहेबलोक येण्यापूर्वी खोल्या झाडायच्या आणि टोपल्यांतील कागद बाहेर नेऊन टाकायचा, हे त्यांचे काम. त्यांतले एका बाजूने कोरे असलेले कागद ते घरी आणीत. माझी शाळेतली गणिते त्या कागदांवर झाली. म्हणून एका ग्रंथात जेम्स हॅम्प्टनच्या सिंहासनाचे छायाचित्र पाहिले तेव्हा मला कलेचे सिद्धान्त आठवले नाहीत. वडिलांच्या त्या टोपल्या आठवल्या.

हॅम्प्टनचा जन्म १९०९ साली अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात, एलोरी या लहान गावी झाला. गुलामांना लिहायला शिकविणाऱ्यास दंड करणारा कायदा या भूमीवर १७४० साली झाला होता. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. पण १८९५ च्या राज्यघटनेने काळ्यांचा मताधिकार जवळजवळ हिरावून घेतला आणि गोऱ्या-काळ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवणे सक्तीचे केले. या राज्यातून हॅम्प्टन १९२८ च्या सुमारास वॉशिंग्टनला आपल्या भावाकडे आला. राजधानी झाली म्हणून ती निराळी नव्हती. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत १९१३ पासून काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे काढण्याची पद्धत बळावली होती. १९३९ साली मॅरियन अँडरसन या थोर गायिकेला केवळ कातडीच्या रंगामुळे तेथील मोठे सभागृह नाकारले गेले आणि तिने लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभे राहून हजारोंसमोर गायन केले. त्या काळात हॅम्प्टन एका उपाहारगृहात स्वयंपाक करीत होता. १९४२ मध्ये तो सैन्यात भरती झाला. तेथे त्याच्या वाट्याला सुतारकाम आणि देखभालीची कामे आली. सायपान आणि ग्वाम बेटांवर राबून तो १९४५ साली परतला आणि पुढच्या वर्षापासून सरकारी इमारतींत रात्रपाळीचा झाडूवाला झाला. मरेपर्यंत तेच काम त्याने केले.

१९५० साली त्याने एक जुनी गॅरेज भाड्याने घेतली. मध्यरात्री पाळी संपली की तो तेथे जाई आणि पहाटेपर्यंत काम करी. असे चौदा वर्षे चालले. ४ नोव्हेंबर १९६४ रोजी तो कर्करोगाने वारला. भाडे थकले म्हणून मालकाने गॅरेज उघडली, तेव्हा आत सोन्याचांदीसारखे लखलखणारे एक दालन उभे होते. मधोमध पंखांचे उंच सिंहासन. त्याच्या दोन्ही बाजूंना वेदी, व्यासपीठे, मुकुट, फलक. सारे मिळून सुमारे १८० वस्तू. सिंहासनाच्या माथ्यावर भिऊ नका असे सांगणारे दोन शब्द.

हे सोने कशाचे होते? सिगारेटच्या पाकिटांतला आणि दारूच्या बाटल्यांवरचा चंदेरी-सोनेरी कागद. आतला सांगाडा मोडक्या मेज-खुर्च्यांचा, पुठ्ठ्याच्या नळ्यांचा, जळालेल्या विजेच्या दिव्यांचा, मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांचा. काही सामान त्याने जुन्या बाजारातून घेतले, काही रस्त्यावरून वेचले. शहराने जे फेकले ते एका माणसाने रात्रीच्या रात्री चिकटवून, खिळे ठोकून, समतोल साधून उभे केले. उजवीकडे जशी वस्तू तशीच तिची जोडी डावीकडे. एक बाजू येशूची, दुसरी मोझेसची.

या कामाला हॅम्प्टनने दिलेले नाव मोठे विलक्षण आहे. मराठीत ते साधारण असे होईल : सर्व राष्ट्रांच्या सहस्रवर्षीय आमसभेतील तिसऱ्या स्वर्गाचे सिंहासन. स्वतःला तो संत जेम्स म्हणवी आणि आपला हुद्दा लिही : अनंत राज्याच्या विशेष प्रकल्पांचा संचालक. हे वाचून काही समीक्षकांना वेडाची शंका आली. मला वेगळेच दिसते. ज्या खोल्या तो झाडी त्यांच्या दारांवर अशाच हुद्द्यांच्या पाट्या असणार. आमसभा, विशेष प्रकल्प, संचालक : ही भाषा बायबलातली नाही, कचेरीतली आहे. पुठ्ठा आणि दिवे उचलावेत तसे त्याने सरकारचे शब्दही उचलले आणि ज्या राज्यात झाडूवाला संचालक होऊ शकतो त्या राज्याला लावले.

त्याच्या मागे एक वहीही राहिली. शंभरांहून अधिक पाने अशा लिपीत लिहिलेली आहेत, जी जगात दुसऱ्या कोणाची नाही. अभ्यासकांनी प्रयत्न केले, संगणक लावले. ती वही वाचता आलेली नाही. ज्या भूमीने गुलामांची अक्षरे गुन्हा ठरविली, तिच्याच एका लेकराने स्वतःची अक्षरे घडविली. हा योगायोग म्हणून सोडून देणे मला जमत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो माझ्याही मनात आला. आपण स्वर्ग नाकारलेली माणसे. ज्या माणसाने येशूच्या पुनरागमनासाठी सिंहासन मांडले त्याचे आपण काय करायचे? २८ ऑगस्ट १९६३ रोजी त्याच शहरात सुमारे अडीच लाख लोक काम आणि स्वातंत्र्य मागायला जमले. तो इतिहास, आणि गॅरेजमध्ये चांदीचा कागद चिकटविणे ही भाबडी भक्ती, असे म्हणता येईल. पण मग आपण शोषितांच्या इतिहासात फक्त मोर्चे आणि ठरावच मोजणार काय? माणूस मोर्चात असतो एक दिवस; उरलेले दिवस तो कसा जगला, कशाच्या बळावर त्याने आपला माणूसपणा शाबूत ठेवला, याचीही नोंद हवी. हॅम्प्टनचा स्वर्ग मला मान्य नाही. त्याची चौदा वर्षे मात्र मला नाकारता येत नाहीत.

१९७० साली हे सिंहासन स्मिथसोनियन संस्थेच्या कलासंग्रहात आले. दोन वर्षांनी रॉजर कार्डिनल या लेखकाच्या पुस्तकामुळे ‘आउटसायडर आर्ट’ हा शब्द रूढ झाला आणि पुढे तो हॅम्प्टनलाही चिकटला. आउटसायडर म्हणजे बाहेरचा. कशाच्या बाहेरचा? तो राजधानीच्या मध्यावर राहत होता, सरकारी इमारतींच्या आत रोज वावरत होता, देशाच्या युद्धात राबला होता. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. आधी दार बंद करायचे आणि मग दाराबाहेर उभ्या असलेल्यालाच बाहेरचा म्हणायचे, ही ती युक्ती.

परंतु दोष केवळ संग्रहालयांना देऊन मी सुटत नाही. आमच्या वस्तीत एक म्हातारे गिरणी कामगार होते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी ते दरवर्षी भंगारातून देखावा करीत. डब्यांच्या पत्र्याचे अशोकचक्र, सायकलच्या तारांचा पिंपळ, बाटल्यांच्या बुचांचे तळे. महिनाभर रात्री त्यांच्या ओट्यावर ठोकाठोक चाले. ते वारले तेव्हा मुलांनी सारे सामान भंगारवाल्याला वजनावर दिले. मी तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो, परिसंवादांतून दलित संस्कृतीवर बोलत होतो. हातगाडी माझ्या समोरून गेली. पिंपळाच्या तारा बाहेर लोंबत होत्या. ती थांबवावी असे मला वाटले नाही, कारण ती कला आहे असे मला कोणी शिकविले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नव्हते.

हॅम्प्टनची गॅरेज उघडणाऱ्या मालकाने ते दालन कचरा म्हणून फेकले असते तर आज हा लेख लिहिता आला नसता. तेवढ्या एका क्षणावर त्याचा इतिहास टिकला. आपल्या वस्त्यांतून असे किती क्षण निघून गेले असतील? कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी एवढे करावे : आपल्या म्हाताऱ्यांच्या ट्रंका, ओटे, माळे एकदा पाहून घ्यावेत. काय केले, कशापासून केले, कोणत्या साली केले आणि करणाऱ्याचे नाव काय, एवढे चार रकाने वहीत भरावेत. कागद एका बाजूने कोरा असला तरी चालेल.