बाळाचा आकार माफ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या हिवाळ्यात माझी लेक आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन मुंबईला जायची होती. निघण्याआधी आठवडाभर आमच्या घरात एकच हिशेब चालला होता. बाळाच्या कानांची तपासणी करायची होती. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "मोठ्या ठिकाणी एकदा खात्री करून घ्या, वेळ दवडू नका." तपासणी दोन टप्प्यांत, मधे दोन दिवसांचं अंतर. म्हणजे चार रात्रींचा मुक्काम.

लेकीने वहीच्या पानावर दोन रकाने पाडले, प्रवास आणि मुक्काम. प्रवासाचा रकाना बघून मलाच नवल वाटलं. एस.टी.त बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेतही तिकीट नाही, फक्त त्याला वेगळी जागा मिळत नाही. दोघांचं मिळून जाणं-येणं काही शेकड्यांत बसत होतं. दुसरा रकाना मात्र भरताच येईना. रुग्णालयाजवळच्या एका लॉजवाल्याने फोनवर सांगितलं, बाळ रात्री रडतं, बाकीच्या गिऱ्हाइकांना त्रास होतो. दुसऱ्याने खोली आहे म्हणून सांगितलं, नाव विचारलं, आणि नाव ऐकल्यावर खोली नव्हती. तिसऱ्याकडे खोली होती, पण चार रात्रींचे पैसे लेकीच्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्याला टेकत होते.

लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या वेळी लोक कसे जायचे हो? पैसे तर याहून कमी होते."

या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला माझ्याच लहानपणात, म्हणजे मला न आठवणाऱ्या लहानपणात जावं लागलं.

आमचं गाव वाशिष्ठी खाडीच्या काठावर. देशात पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला धावली, पण कोकणाला रेल्वे मिळायला त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं लागली. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ ला. तोवर आमची मुंबईची वाट समुद्रातून होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत बोट जायची-यायची. मुंबईत उतरायचं भाऊच्या धक्क्यावर. लक्ष्मण हरिश्चंद्र ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनी १८४१ च्या सुमारास बांधलेला हा धक्का म्हणजे कोकणी माणसाचा मुंबईतला पहिला उंबरठा. पावसाळा लागला की बोटी बंद. म्हणून आमच्याकडे लग्नं, बाळंतपणं, माणसांच्या रजा, सगळं बोटीच्या हंगामावर बेतलेलं असे.

ही वाट स्वस्त होती, पण निर्धोक नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं बोटीत पाय ठेवताना बायका पोराला पोटाशी घट्ट धरत आणि मनात काहीबाही पुटपुटत. कुणी दर्याला नारळ वाहत होतं, कुणी आयतल कुर्सी पढत होतं. भीती एकच होती.

माझा जन्म १९७१ चा. बाबा खलाशी होते. मी जन्मलो तेव्हा त्यांची आगबोट कुठल्या समुद्रात होती, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सात महिन्यांचा असताना त्यांचं पत्र आलं की बोट मुंबईला लागते आहे, पाच दिवस थांबेल, गावी यायला सवड नाही. आमच्या काठावर अशा पत्राचा अर्थ सगळ्यांना माहीत असे. बाळाला बापाला दाखवून आणायचं. कारण पुढची भेट आणखी वर्षाने असेल, की दोन वर्षांनी, की नसेलच, कोण सांगणार?

एस.टी. होती. १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी पहिली गाडी सुटली आणि पुढे ती आमच्या भागापर्यंत पोचली. पण आईला कशेडी घाटात गाडी लागायची. म्हणून ती आणि नानी बोटीने निघाल्या. आईची तयारी तिच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली आहे की ते गाठोडं मला दिसतं. जुन्या लुगड्याच्या दोन गोधड्या, धुऊन वाळवलेले तिकोने, नाचणीचं सत्त्व, ओव्या-शेपाची पुरचुंडी, आणि झोळी बांधायला एक सुती साडी. दाभोळला पडावातून बोटीपाशी गेल्या. पडाव हलत होता. बोटीत चढताना आधी बाळ वर द्यायचं आणि मग आईने चढायचं, अशी रीत होती. आईने मला एका अनोळखी माणसाच्या हातात दिलं, त्याने दुसऱ्याच्या, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. ती वर पोचेपर्यंत मी कुणा म्हातारीच्या मांडीवर होतो. आई सांगायची, "तेवढ्या वेळात माझा जीव जागेवर नव्हता. आणि बघते तर तू तिच्या नथीशी खेळतोयस."

आता प्रश्न मुक्कामाचा. मुंबईत लॉजं तेव्हाही होती, पण आमच्यासारख्यांच्या मनात तो विचारही येत नसे. या शहराने गरीब पाहुण्यासाठी एक वेगळीच व्यवस्था उभी केली होती. क्रॉफर्ड मार्केटजवळ हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना होता. समुद्रमार्गे हजला जाणारे देशभरचे गरीब यात्रेकरू जहाजाची वाट बघत तिथे थांबत. ती जहाजं १९९५ मध्ये बंद झाली. सी. पी. टँक, माधवबाग या भागांत धर्मशाळा होत्या. ज्या गाडगे महाराजांनी स्वतःला घर ठेवलं नाही, त्यांनी लोकांसाठी जागोजागी धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. मस्जिद बंदरला खलाशांसाठी इंडियन सेलर्स होम होतं. युद्धात समुद्रातच राहिलेल्या खलाशांचं स्मारकही तिथेच आहे.

याशिवाय एक चौथी सोय होती, जिच्यावर पाटी नसे. ती म्हणजे गावाची खोली. गिरणगावात रत्नागिरीकडच्या गावांनी चाळीत खोल्या घेतल्या होत्या. एक पाळी कामावर जायची, तेव्हा दुसरी त्याच पथारीवर झोपायची. धोबी तलावच्या जेर महल इमारतीत गोव्याच्या गावांचे कूड होते, कोपऱ्यात देव्हारा आणि भिंतीलगत खलाशांच्या पेट्या. आणि डोंगरी भागात आमच्या गावाच्या जमातीची खोली. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान यांनी एकमेकांना न विचारता एकच युक्ती काढली होती. एकट्याला जे परवडत नाही ते गावाला परवडतं.

त्या युक्तीला कायद्याचाही टेकू होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं साधारण १९४० च्या पातळीला बांधून ठेवलं. त्या कायद्याच्या लांबलचक इंग्रजी नावात हॉटेलं आणि लॉजिंग हाउसांचे दरही होते, म्हणजे पाहुण्याचा विचार सरकारलाही करावा लागला होता. भाडं वाढत नव्हतं, म्हणून गावाच्या खोलीचा वाटा माणशी काही आण्यांवर आणि पुढे पैशांवर राहिला. पण त्याच कारणाने मालकांनी डागडुजी सोडली. १९६९ साली सरकारला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर आणि मंडळ आणावं लागलं. ज्या कायद्याने खोली टिकली, त्यानेच इमारत खिळखिळी झाली.

त्या खोलीची जुनी वही माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी जमातीने जुने कागद वाचून काढायचं काम मला दिलं. गावात कवी म्हणजे रिकामा माणूस, असा समज आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही. वहीच्या पहिल्या पानावर नियम आहेत. खोलीत बावीस जणांच्या पेट्या राहतील. पाहुण्याला रोजचे पंचवीस पैसे आकार. पाहुण्याने तीन रात्रींहून जास्त राहू नये. मेहमानी तीन दिवसांची, ही आमच्यातली जुनी रीतच तिथे नियम होऊन बसली होती. शेवटचा नियम, बायकांना खोलीत मुक्काम नाही.

आणि १९७२ च्या जानेवारीच्या पानावर, त्याच हस्ताक्षरात, बाबांच्या नावापुढे लिहिलंय, "बाई दोन, रात्री तीन. बाळ एक, आकार माफ." त्याच्या खाली, वेगळ्या शाईत, "चौथी रात्र. बोट नाही."

कारभाऱ्याने स्वतः लिहिलेला नियम स्वतःच मोडला होता आणि मोडल्याची नोंदही केली होती. आई सांगायची, त्या चार रात्री खोलीतले पुरुष गॅलरीत आणि गच्चीवर झोपले. गॅलरीच्या टोकाचा सामायिक नळ पहाटे बायकांसाठी मोकळा सोडला. कुणीतरी स्टोव्हवर बाळाला पाणी तापवून ठेवी. बाबा बंदरातून आले ते दारातच थांबले. आईला वाटलं, धावत येऊन पोराला घेतील. ते नळावर गेले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, आणि मग माझ्यापुढे येऊन बसले. तरी घेतलं नाही. "खलाशाचे हात खरबरीत असतात," म्हणाले. नानीने मला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यानंतर ते मला भेटले तेव्हा मी चालत होतो, बोलत होतो, आणि त्यांना बघून आईच्या मागे लपलो होतो.

एवढं ऐकून लेक म्हणाली, "मग ती खोली आहे ना अजून?"

खोली आहे, पण राहण्याजोगी नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या गावांच्या खोल्या ओस पडत गेल्या. आमची तरुण मंडळी त्याआधीच आखाताकडे वळली होती. गावाहून निघायचं ते थेट विमानतळावर, मधे डोंगरी लागतच नाही. आज आमच्या इमारतीला लाकडी टेकू लावलेत. पुनर्विकासाचा प्रस्ताव आहे. खोलीच्या बदल्यात नव्या इमारतीत तीनशे चौरस फुटांची जागा मिळू शकते, किंवा हक्क सोडून एकरकमी पैसे. जमातीतले बरेच जण म्हणतात, पैसे घ्या आणि गावात शादीखाना बांधा.

अखेर माझी लेक मुंब्र्याला तिच्या सासूच्या चुलतबहिणीकडे राहिली. दीड खोलीचं घर, माणसं सहा. त्यात ही दोघं. रुग्णालयात जायला सकाळी बाळाला पोटाशी बांधून लोकल, परत यायला पुन्हा तीच. निघताना लेकीने उशीखाली पैसे ठेवले, तर त्या बाईंनी ते बाळाच्या दुपट्यात गुंडाळून परत पाठवले.

म्हणजे लेकीच्या प्रश्नाचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी होतं तेच आजही आहे. गरिबाला शहर परवडतं ते तिकीट स्वस्त असल्यामुळे नव्हे, तर कुणीतरी जमिनीवरची आपली जागा थोडी सरकून दिल्यामुळे. मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या बर्थला बाळासाठी एक छोटा बर्थ जोडून पाहिला गेला, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आपल्या एस.टी. स्थानकांवर तान्ह्या बाळांच्या आयांसाठी हिरकणी कक्ष आले, तेही बरं झालं. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून जी कडा उतरून गेली, तिच्या नावाने एक दार उघडलं. पण प्रवास संपल्यावर रात्र कुठे काढायची, हा प्रश्न अजून नातेवाईकांच्या भरवशावर आहे. ज्याला नातेवाईक नाहीत, त्याने काय करायचं?

गेल्या महिन्यात जमातीची बैठक झाली. मी भाषण केलं नाही. वहीतलं ते पान वाचून दाखवलं, आणि एवढंच म्हटलं की पैसे न घेता जागाच घ्या, तिथे दोन खाटा टाका, दवाखान्यासाठी येणाऱ्या आयांना आणि बाळांना द्या. एक वडीलधारे म्हणाले, "कवीसाहेब, तुम्ही भावनेत बोलताय." मी म्हटलं, "चाचा, तो आकार माफ करणाराही बहुधा भावनेतच होता. पण त्याने हिशेब नीट लिहून ठेवलाय." लोक हसले. निर्णय मात्र ईदनंतरच्या बैठकीवर गेला.

बाळाच्या तपासणीचा निकाल आला आहे. डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं. यंत्र लावलं तर बोलणं वेळेवर शिकेल, असं डॉक्टर म्हणतात. त्यासाठी दर तीन महिन्यांनी मुंबईला जावं लागेल. लेकीने वहीत पुन्हा दोन रकाने पाडलेत. पहिला भरलाय. दुसरा तिने ईदपर्यंत कोरा ठेवलाय.