आजींना उठू द्या

'उगाच उठू नका, पडाल!' असं आपण घरातल्या आजी-आजोबांना मायेनं सांगतो. मला या मायेचीच भीती वाटते. बसून बसून पायांतली ताकद जाते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो.

यावरचा एक साधा उपाय न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला. जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन वगैरे मंडळींनी ऐंशी आणि त्यापुढच्या २३३ बायका निवडल्या. निम्म्याजणींना फिजिओथेरपिस्टनं घरी जाऊन व्यायाम शिकवले: घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, खुर्चीतून उठणं, पावलाला पाऊल जोडून रेषेत चालणं. बाकीच्यांकडे नुसत्या गप्पांच्या भेटी. माझ्यातल्या प्रोग्रामरला हे फार आवडलं. गुण व्यायामाचा की कुणीतरी भेटायला येण्याचा, हे त्यामुळे कळतं!

वर्षभरात व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचे प्रसंग बरेच कमी निघाले. हे १९९७ साली प्रसिद्ध झालं. २००२ मध्ये अशा चार प्रयोगांतल्या १०१६ जणांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा पडणं ३५ टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

तेव्हा मंडळी, डॉक्टरांना विचारा आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून का होईना, आजींना उभं राहू द्या.