वसईचा तह आणि मंत्रगुप्ति

वसईचा तह ता. ३१ डिसेंबर १८०२ (शके १७२४) रोजीं झाला, हें सर्वश्रुत आहे. म्हणूनच मराठी राज्याचें स्वातंत्र्य वसईस गेलें, असें लिहिण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मतें हें विधान अपुरें आहे. वसईस शिक्कामोर्तब झालें. मूळ मसलत पुण्यासच ठरली होती, आणि ती स्वकीयांपासून चोरून ठरली, हेंच तिचें खरें वैगुण्य होय.

पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. नाना फडणीस ता. १३ मार्च १८०० रोजीं वारले आणि पुणें दरबारांतील वजनदार सल्लागार नाहींसा झाला. पुढल्या वर्षीं एप्रिलांत दुसऱ्या बाजीरावानें विठोजी होळकरास पुण्यांत हत्तीच्या पायीं देऊन मारविलें. हेतु दहशत बसविण्याचा होता. परिणाम उलटा झाला. विठोजीचा भाऊ यशवंतराव फौजेनिशीं चालून आला, आणि ता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, ऐन दिवाळींत, हडपसरच्या लढाईंत त्यानें पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा मोड केला.

आतां मुख्य मुद्दा. ग्रँट डफ लिहितो कीं, पुणें सोडतांना बाजीरावानें इंग्रज रेसिडेंट कर्नल क्लोज याच्या हातीं कराराचा मसुदा ठेविला. इंग्रजांच्या सहा पलटणी पदरीं ठेवाव्या व त्यांच्या खर्चास पंचवीस लाखांचा मुलूख तोडून द्यावा, असा त्याचा आशय होता. नंतर सिंहगड, रायगड, महाड, सुवर्णदुर्ग, रेवदंडा या मार्गानें तो डिसेंबरांत वसईस पोंचला. हें ठाणें चिमाजीआप्पांनीं १७३९ सालीं पोर्तुगिजांकडून घेतलें होतें; १७८० सालीं इंग्रजांनीं जिंकल्यावर १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें परत मिळालें होतें. तेथेंच एकोणीस कलमांचा तह पुरा झाला. पंचविसाचे सव्वीस लाख झाले, सुरतेवरील हक्क सुटला, निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेल्या वादांत इंग्रजांची मध्यस्थी आली. आणि इंग्रजांस कळवून त्यांचा विचार घेतल्यावांचून कोणाहि दरबाराशीं बोलणें लावूं नये, असें बंधन पडलें.

या शेवटल्या कलमाची शाई वाळते न वाळते तोंच, डफच्या म्हणण्याप्रमाणें, बाजीरावानें बाळोजी कुंजरास शिंद्यांकडे व नारायणराव वैद्यास नागपूरकर भोसल्यांकडे पाठविलें. बाहेरून निमित्त तह समजावून देण्याचें, आंतून त्यांस पुण्यास बोलावण्याचें. ज्यांस आधीं विचारावयाचें त्यांस मागून चोरून बोलाविलें, आणि ज्यांच्याशीं करार केला त्यांच्याशींहि सचोटी राखली नाहीं.

आमच्या नीतिशास्त्रांत मंत्रगुप्तीचें माहात्म्य मोठें आहे. परंतु तोच कौटिल्य राजानें तीन किंवा चार मंत्र्यांशीं मसलत करावी असें सांगतो. गुप्ति शत्रूपासून राखावयाची, मंत्र्यांपासून नव्हे. येथें नेमकें उलट झालें: तह परक्यांस पाठ आणि स्वकीयांस परका! इंग्रजांची रीत पाहावी. त्यांना लाभाचा असलेला हाच तह १८०४ सालीं बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष लॉर्ड कॅसलरे यानें दोषास्पद ठरविला, आणि आर्थर वेलस्ली यानें त्यास सविस्तर उत्तर दिलें. जिंकणाऱ्यांनीं तहाची चिकित्सा केली. ज्यांचें राज्य जावयाचें, त्यांच्या सरदारांस आधीं एक शब्दहि बोलावयास मिळाला नाहीं.

पुढील परिणाम प्रसिद्धच आहेत. ता. १३ मे १८०३ रोजीं बाजीराव इंग्रजी फौजेच्या आश्रयानें पुण्यास परतला. त्याच वर्षीं असई व अडगांव येथें शिंदे-भोसल्यांचा पराभव होऊन डिसेंबरांत देवगांव व सुर्जी-अंजनगांवचे तह झाले. होळकर त्या युद्धांत अलग राहिला आणि पुढें एकटाच लढला. १८१८ सालीं पेशवाईच संपली.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, शके १७२४ च्या आश्विनापासून पौषापर्यंतचे सरदारघराण्यांतील कागद, मग ते हुंडीचे असोत वा जासुदांच्या बातमीचे, क्षुल्लक समजून रद्दींत टाकूं नयेत. वसईचा तह छापलेला आहे. तो ज्यांच्यापासून लपविला गेला, त्यांस कोणती बातमी केव्हां पोंचली, याची साक्ष असल्याच कागदांत सांपडावयाची.