संग्रहालये लोकांची कशी होतील?
सातारा-सांगलीच्या वारशाच्या निमित्ताने

जुन्या वस्तू काचेच्या कपाटात मांडल्या, खाली नावाची पट्टी लावली आणि तिकीटखिडकी उघडली की संग्रहालय तयार झाले, ही समजूत आता मागे पडली आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. संग्रहालय सर्वांसाठी खुले व सर्वसमावेशक असावे आणि त्याच्या कामात समाजाचा सहभाग असावा, असे तिच्यात स्पष्टपणे नमूद आहे. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या दृष्टीने हा विचार महत्त्वाचा आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. जिल्हे दोन झाले, तरी वारसा बऱ्याच अंशी सामायिकच राहिला.

औंधचा आदर्श

या वारशाचे ठळक उदाहरण म्हणजे औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये ते उभारले. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे आणि हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचे 'माता आणि बालक' हे शिल्प एका खेड्यात पाहावयास मिळावे, ही गोष्ट आजही नवलाची आहे. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. 'चित्ररामायण' त्यांनी साकारले, वेरूळ व अजिंठा यांवर ग्रंथ लिहिले आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कार्याला साहाय्य केले. सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेणारा आणि प्रजेला स्वराज्याची घटना देणारा हा राजा होता. कला ही राजवाड्यापुरती नसून प्रजेच्या शिक्षणाचे साधन आहे, ही त्यामागील दृष्टी होती.

औंध संस्थानातील आटपाडी, कुंडल हा भाग आज सांगली जिल्ह्यात आहे. आटपाडीजवळील स्वतंत्रपूरची खुली वसाहत आणि कुंडलजवळ उभी राहिलेली किर्लोस्करवाडी यांची मुळेही याच संस्थानात सापडतात. औंधच्या चित्रांबरोबर ही कथा सांगितली गेली, तर आटपाडीच्या विद्यार्थ्याला ते संग्रहालय परके वाटणार नाही. पौषात यमाईच्या यात्रेला हजारो भाविक औंधला येतात. त्यांची पावले संग्रहालयाकडे वळवायची, तर यात्रेच्या काळात वाढीव वेळ, सोप्या मराठीतील फलक आणि गावातीलच प्रशिक्षित मार्गदर्शक एवढी तयारीही बरेच साधू शकेल.

वाघनखांचा धडा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडण्यात आली आणि या संग्रहालयाचे नाव राज्यभर पोहोचले. पुढे ती नागपूरला रवाना झाली. एखादी वस्तू पाहुणी म्हणून येते तेव्हा गर्दी होतेच. ती गेल्यावर लोक पुन्हा येतात का, ही खरी कसोटी होय.

ही वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्यामार्फत इंग्लंडला गेली. ती अफझलखानाच्या वधाच्या वेळची असल्याची परंपरा सांगितली जाते, मात्र तसा निर्णायक पुरावा नसल्याचे लंडनच्या संग्रहालयानेच म्हटले आहे. शाळेच्या दृष्टीने हा वाद अडचणीचा नसून पर्वणीच आहे. परंपरा म्हणजे काय, पुरावा कशाला म्हणावे, एखादी वस्तू कोणाच्या हातून कोठे गेली, हे प्रश्न विद्यार्थ्यांना इतिहासाच्या पद्धतीशी जोडतात. श्रद्धेला धक्का न लावता शंका कशी विचारावी, हेही त्यातून शिकता येते.

शाळेची सहल की अभ्यास?

शाळेच्या सहलीत संग्रहालयाच्या वाट्याला बहुधा घाईचा तासभर येतो. रांगेत चालत जाणारी मुले काय पाहिले हे घरी सांगू शकत नाहीत. त्याऐवजी पाच वस्तू निवडून त्यांवर प्रश्नपत्रिका देणे, एका चित्रासमोर बसवून रेखाटन करून घेणे, शिक्षकांना आधी एक दिवस बोलावून माहिती देणे हे उपाय फारसे खर्चाचे नाहीत. दूरच्या वाड्यावस्त्यांतील मुलांसाठी संग्रहालयानेच बाहेर पडावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरत्या बसच्या रूपाने हा प्रयोग केला आहे. जत, माण, खटावसारख्या तालुक्यांना अशा बसची गरज अधिक आहे.

समाज हाच संग्राहक

सांगलीतही राज्य शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. परंतु या जिल्ह्याचा मोठा ठेवा भिंतींच्या बाहेर आहे. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' सादर केले ते सांगलीत. मिरजेत शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर तंतुवाद्यांकडे वळले, आणि त्यांच्या वारसदारांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा कपाटात ठेवण्यापेक्षा भोपळ्यापासून जवारीपर्यंतचे काम कारागिराने मुलांसमोर करून दाखविणे कितीतरी परिणामकारक ठरेल. अर्थात त्या कारागिराला मानधन मिळाले पाहिजे. तसेच २००५, २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या महापुरांची छायाचित्रे व आठवणी घरोघरी आहेत. त्या गोळा केल्यास नागरिक हेच दाते आणि निवेदकही होतील.

समाज यजमान झाला की काय घडते, याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. पाचगणीजवळील भिलार हे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' झाले. तेथे ग्रामस्थांनी आपली घरेच वाचकांसाठी खुली केली. ही भावना संग्रहालयांबाबतही निर्माण व्हावयाची, तर जतन, मनुष्यबळ आणि शैक्षणिक उपक्रम यांसाठी नियमित तरतूद हवी. गावाने आपले मानलेली वस्तूच पुढच्या पिढीपर्यंत सुखरूप पोहोचते.