छिन : सात तारांचे एक चिनी वाद्य

गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ही गोष्ट आपल्या घरांतून अभिमानाने सांगितली जाते. यानांवरील त्या सुवर्ण तबकडीवर निरनिराळ्या देशांच्या संगीताचे २७ नमुने आहेत. केसरबाईंच्या लगेच आधी कोणाचे संगीत आहे, हा प्रश्न मात्र आम्हांला फार उशिरा पडला. तेथे आहे ग्वान पिंगहू या चिनी वादकाने वाजविलेली 'वाहते पाणी' ही रचना. साडेसात मिनिटांहून थोडी अधिक. ज्या वाद्यावर ती वाजविली आहे, त्याचे नाव छिन. आपल्या केसरबाईंच्या या शेजाऱ्याची ओळख करून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

'छिन' या शब्दाचा देशाच्या नावाशी संबंध नाही. हे वाद्याचेच जुने नाव. पुढे पियानोसारख्या इतर वाद्यांच्या नावांतही तो शब्द आला, तेव्हा विसाव्या शतकात त्याला 'गु' म्हणजे 'प्राचीन' हे विशेषण जोडून 'गुछिन' म्हणू लागले. हूपेइ प्रांतात १९७८ साली उत्खनन झालेल्या, इसवी सनापूर्वी ४३३ च्या सुमाराच्या एका सरदाराच्या थडग्यात दहा तारांचे छिन मिळाले. पुढे सात तारांचा घाट कायम झाला. कन्फ्यूशियस स्वतः हे वाद्य वाजवीत असे, अशी परंपरा सांगते. सुशिक्षित चिनी गृहस्थाला चार कला अवगत असाव्यात अशी अपेक्षा असे : छिन, सोंगट्यांचा एक बैठा खेळ, सुलेखन आणि चित्रकला. सनदी अधिकारी कचेरीतून परतल्यावर छिन घेऊन बसे, तो मैफलीसाठी नव्हे, तर चित्तशुद्धीसाठी.

वाद्य सुमारे चार फूट लांब. वरची फळी हलक्या लाकडाची व किंचित फुगीर, खालची कठीण लाकडाची व सपाट. त्यावर हरणाच्या शिंगांची पूड मिसळलेल्या लाखेचे थर. तारा परंपरेने रेशमाच्या. सरोदाप्रमाणे यालाही पडदे नाहीत. कडेने बसविलेल्या शिंपल्याच्या तेरा टिकल्या तेवढ्या स्वरस्थाने दाखवितात. उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हाताने स्वर घडवायचा. त्यातून तीन प्रकारचे नाद निघतात. मोकळी तार छेडली तर पृथ्वीचा, तारेला नुसता स्पर्श करून छेडली तर स्वर्गाचा आणि तार दाबून बोट सरकविले तर माणसाचा, असे जुने जाणकार म्हणत. आवाज अगदी मंद, खोलीपुरता. आपल्या मींडेसारखे बोट तारेवरून सरकते, स्वर विरत जातो आणि शेवटी रेशमावर बोट घासल्याची सळसळ तेवढी उरते. तीही संगीताचाच भाग मानली जाते.

खरे नवल आहे ते या वाद्याच्या लेखनात. चिनी लोकांनी छिनसाठी एक खास संक्षिप्त लिपी घडविली. कोणती तार, कोणते बोट, कोणती टिकली, तार आत ओढायची की बाहेर, हे सारे एकेका अक्षरात सामावलेले असते. चू छुआन या मिंग राजपुत्राने १४२५ साली छापलेला या लिपीतील रचनासंग्रह आजही उपलब्ध आहे. परंतु स्वर किती वेळ धरायचा, हे ती लिपी सांगत नाही. बोटांची जागा कागदावर आहे, काळ मात्र नाही. तो गुरूकडूनच घ्यायचा. गुरुपरंपरा तुटली, की वादकाने एकेका रचनेपाशी महिनोन् महिने, कधी वर्षेही बसून तिचा काळ शोधायचा.

तिसऱ्या शतकात ची खांग या विद्वानाला देहदंड झाला. मरणापूर्वी त्याने छिन मागवून 'क्वांगलिंग' ही रचना वाजविली आणि 'आता ही माझ्याबरोबर संपली' असे उद्गार काढले, अशी कथा आहे. त्या नावाची रचना १४२५ च्या संग्रहात लिहिलेली सापडते. पण ती वाजविणारा कोणी उरला नव्हता. १९५० च्या दशकात ग्वान पिंगहू यांनी ती पुन्हा उभी केली. त्याच दशकात, १९५६ साली, चा फूशी यांनी सहकाऱ्यांसह देशभर हिंडून वादकांचा शोध घेतला, तेव्हा एवढ्या अफाट देशात त्यांना शंभर वादकही भेटले नाहीत. २००३ साली युनेस्कोने या कलेला मानवजातीचा वारसा म्हणून गौरविले, त्यामागे अशा थोड्या माणसांची चिकाटी होती.

छिनची सर्वांत प्रसिद्ध कथा दोन मित्रांची आहे. पो-या वाजवी आणि चुंग त्झ-छी ऐके. मनात पर्वत आणून वाजविले तर त्याला पर्वत दिसे, पाणी आणले तर पाणी. चुंग वारला तेव्हा पो-याने तारा तोडून टाकल्या आणि पुन्हा वाद्याला हात लावला नाही. चिनी भाषेत जिवलग मित्राला आजही 'नाद जाणणारा' म्हणतात, तो शब्द या कथेतला.

दफ्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांला या लिपीची गोष्ट विशेष लागली. आपल्या कितीतरी घरांत मोडी कागदांचे रुमाल जपून ठेवलेले आहेत. वाचणारा मात्र घरात नाही. कागद टिकला म्हणजे वारसा टिकला, असे आपण समजतो. केसरबाईंनीही आपली विद्या एकट्या धोंडूताई कुलकर्णी यांना दिली. ध्वनिमुद्रिका थोड्या का होईना उरल्या, परंतु त्या गाण्याचा श्वास समोर बसूनच घ्यावा लागला. 'वाहते पाणी' आणि भैरवी आज आंतरतारकीय अवकाशात एकमेकींच्या शेजारी प्रवास करीत आहेत. तेथे त्यांना नाद जाणणारा भेटेल तेव्हा भेटो. येथे तो घडविणे आपल्या हाती आहे.