एका तासाला १३ जीबी

२००३ साली, आपण सारे कॉलेजात असताना, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी समूहगीताचा व्हिडिओ केला होता, आठवतं? डीव्ही तंत्र १९९५चं, पण आपल्या हाती तेव्हा कुठे आलेलं. कॅमेरा भाड्याचा, मिनीडीव्ही टेप एकच. तासाभराची टेप फायरवायरने संगणकात उतरवायला तासच लागे आणि जागा १३ जीबी. माझी हार्ड डिस्क होती २०ची! मग हवे तेवढेच तुकडे घेऊन मूव्ही मेकरमध्ये जोडले. ती सीडी बहुतेकांकडे असेल. बाई पेटीवर सूर धरून देताहेत, मध्येच आपल्याला रागावताहेत, हे मात्र टेपवरच राहिलं. महिन्याभराने चुलतभावाच्या लग्नाचं चित्रण मी त्याच टेपवर केलं. बाई गेल्या त्या दिवशी सीडी काढून पाहिली. तिच्यात बाई कुठेच नाहीत.