‘पेत्या आणि लांडगा’ या वाद्यकथेची कारयित्री

जुन्या पोथीच्या पुष्पिकेंत आपण तीन गोष्टी शोधतों : ग्रंथ कोणीं रचिला, कोणीं लिहिला आणि कोणासाठीं लिहविला. यांपैकीं तिसरी गोष्ट पुष्कळदां काळाच्या तोंडीं पडते. युरोपीय वाद्यवृंदाची ओळख लहान मुलांस कथेच्या द्वारें करून देणारी सुप्रसिद्ध कृति ‘पेत्या आणि लांडगा’ हिच्याविषयीं असेंच कांहींसें झालें आहे. रचनाकार सेर्गेई प्रोकोफिएव यांचें नांव सर्वतोमुखीं आहे. ज्यांच्या मागणीवरून ती जन्मास आली त्या नताल्या साट्स यांचें तितकें नाहीं. त्या मागणीचा वृत्तांत येथें कालानुक्रमानें मांडण्याचें योजिलें आहे.

बालश्रोत्यांसाठीं वाद्यवृंदाच्या सभा भरविण्याची कल्पना मॉस्कोंतच निघाली, असें मात्र समजूं नये. लंडन येथें रॉबर्ट मेयर यांनीं १९२३ सालीं व न्यू यॉर्क येथें अर्नेस्ट शेलिंग यांनीं १९२४ सालीं असा उपक्रम आरंभिला होता. शेलिंग हे पडद्यावर चित्रें दाखवून वाद्यांची माहिती देत. ही रीत शिक्षकाची : आधीं विवेचन, मग श्रवण. मॉस्कोंत निराळा मार्ग निघाला.

साट्सबाईंचा जन्म १९०३ सालचा. मुलांच्या रंगभूमीचें कार्य त्यांनीं अगदीं तरुणपणीं हातीं घेतलें. १९३५ सालीं प्रोकोफिएव आपल्या मुलांसह त्यांच्या नाट्यगृहांत आले व तेथून परिचय वाढला. पुढील वर्षीं बाईंनीं मुलांसाठीं वाद्यवृंदाची कथा रचण्याची विनंति केली. प्रथम एका कवयित्रीनें पद्यमय संहिता सिद्ध केली होती. ती प्रोकोफिएव यांस रुचली नाहीं व त्यांनीं स्वतःच साध्या गद्यांत कथा लिहिली. २४ एप्रिल १९३६ रोजीं वाद्यवृंदाचें स्वरलेखन पुरें झालें आणि २ मे रोजीं मॉस्को येथें पहिला प्रयोग झाला.

रचनेची युक्ति थोडक्यांत सांगतां येते. पक्ष्यास फ्लूट, बदकास ओबो, मांजरास क्लॅरिनेट, आजोबांस बासून, लांडग्यास तीन हॉर्न, पेत्यास तंतुवाद्यें, आणि शिकाऱ्यांच्या बंदुकांस टिंपनी व मोठा ढोल. प्रयोगापूर्वीं हीं वाद्यें मुलांस दाखवून त्यांचे स्वर ऐकवावे, अशी कर्त्याची सूचना आहे. विष्णुशर्म्यानें राजपुत्रांस नीति शिकविण्यासाठीं पशुपक्ष्यांस वाचा दिली. येथें वाचेच्या ठायीं वाद्य आलें आहे. लांडगा बदकास गिळतो. तरी अखेरीस त्याच्या पोटांतून ओबो ऐकूं येतो, आणि बदक जिवंत आहे हें मूल कानानें ओळखतें. शिकविलेलें कितपत मुरलें, याची ही न सांगतां घेतलेली परीक्षाच होय.

या युक्तीचें श्रेय कोणाचें? येथें दोन साधनें आहेत. प्रोकोफिएव आपल्या आत्मवृत्तांत म्हणतात कीं, कथा हें मुलांस संगीताकडे वळविण्याचें केवळ साधन होतें, आणि शब्दांपेक्षां वादनाचा भाग हेतुपुरःसर मोठा ठेविला होता. साट्सबाईंच्या आठवणी पुष्कळ वर्षांनंतरच्या. त्यांत पात्र व वाद्य यांची सांगड ही उभयतांच्या चर्चेतून निघाली असें चित्र आहे. उत्तरकालीन व स्वतःविषयींचें म्हणून हें साधन जपून वापरावें, हें योग्यच. परंतु मूळ मागणी बाईंची होती याविषयीं वाद नाहीं. आणि बालश्रोता डोळ्यांपुढें ठेवून नाट्यप्रयोग बसविण्याचा दीर्घ अनुभव त्यांच्यापाशीं होता.

पहिल्या प्रयोगीं साट्सबाई आजारी असल्यामुळें निवेदन दुसरीनें केलें. उपस्थिति अल्प होती व कौतुकही बेताचेंच झालें. पुढें बाईंनीं स्वतः निवेदन केलें. परंतु ऑगस्ट १९३७ मध्यें त्यांस अटक झाली व ‘देशद्रोह्याचे कुटुंबीय’ या सदराखालीं पांच वर्षें बंदिवासाच्या छावण्यांत काढावीं लागलीं. त्यांचे पति व्हाइत्सेर, जे अंतर्गत व्यापार खात्याचे मंत्री होते, त्यांस १९३८ सालीं गोळी घालण्यांत आली. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत प्रोकोफिएव यांनीं बोस्टन येथील वाद्यवृंदाकडून हीच कृति वाजविली. कृति समुद्रपार गेली, तेव्हां ती मागणारी छावणींत होती.

सुटकेनंतर बाईंनीं आल्मा-आता येथें मुलांचें नाट्यगृह उभारलें. मॉस्कोंत मुलांसाठीं संगीतनाट्यगृह १९६५ सालीं उघडलें, आणि १९९३ सालीं त्या निवर्तल्या.

आपल्या शिलालेखांत देवालय बांधणारा सूत्रधार आणि तें बांधविणारा यजमान यांचा उल्लेख पृथक् येतो. एकाच्या नांवानें दुसऱ्याचें पुसलें जात नाहीं. त्याच न्यायानें या वाद्यकथेच्या नोंदींत कर्ता प्रोकोफिएव व कारयित्री साट्स असा उभयतांचा निर्देश व्हावा, असें आम्हांस वाटतें.